डॉक्टरचा चुकारा अडला की खाट आपली जाते

वावराची नोंद आधी. कपाशीची पहिली वेचणी आटोपली, दुसरीला मजूर मिळायला तयार नाहीत. तूर फुलावर आहे, शेंगा पोखरणारी अळी अजून नुकसान पातळीच्या खाली आहे, म्हणून फवारा थांबवला. हरभरा पेरून अकरा दिवस झाले, उगवण बरी आहे. सोयाबीनबद्दल यंदा लिहायचं मन नव्हतं. पण आज लिहितो, कारण यंदाचं सोयाबीन मार्केटात नाही, दवाखान्यात गेलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मळणी चालू असताना मोठे भाऊ ट्रॉलीवरून खाली आले आणि खुब्याचं हाड मोडलं. १०८ वेळेवर आली. ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलं. पुढचा दवाखाना खासगी, पण दारावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मोठा बोर्ड. मला बरं वाटलं. केसरी कार्ड, आधार, सातबारा, सगळं पिशवीत होतं. आरोग्यमित्राच्या टेबलावर कोणी नव्हतं. काउंटरवरच्या पोरानं वर न बघता सांगितलं, "योजनेत खाट नाही. तीन-चार दिवस थांबावं लागेल. पैसे भरत असाल तर आत्ता घेतो."

मी म्हणलं, खाट आहे की नाही ते एकदा ठरवा. योजनेत नाही आणि पैशात आहे, अशी कोणती खाट असते?

त्यानं उत्तर दिलं नाही, एक कागद पुढे केला. त्यावर छापलेलं होतं की आम्ही योजनेचा लाभ स्वतःहून नाकारत आहोत. भाऊ स्ट्रेचरवर कण्हत होते. "मले घरी ने, पण सोयाबीन नको इकू," एवढंच म्हणत होते. पुतण्यानं सही केली. रात्री कृषी केंद्रवाल्याकडून वीस हजार उसने आणले आणि दुसऱ्या दिवशी सिंदीच्या मार्केटात १८ क्विंटल सोयाबीन ओलंच नेलं. ओलावा १७ टक्के निघाला, भाव मिळाला ३५०० रुपये. हातात ६३ हजार आले. तोच माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला असता तर १८ चे १७ क्विंटल राहिले असते, आणि ५३२८ च्या हमीभावानं ९० हजारांच्या वर झाले असते. म्हणजे साडेसत्तावीस हजार मी फक्त घाई होती म्हणून गमावले. दवाखान्याचं बिल झालं १ लाख १८ हजार.

ही रड सांगायला लिहीत नाही. प्रत्येक गावात अशी दहा घरं सापडतील. मला त्या खाटेचं कोडं सोडवायचं होतं. सोडवता सोडवता ज्या जागी पोचलो ती जागा आपल्या ओळखीची निघाली, म्हणून लिहितो.

आधी आपला हक्क काय ते बघा. ही योजना कोणी काल मेहेरबानीनं दिलेली नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा फुल्यांचं आलं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, तिची मर्यादा ५ लाख. एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र केल्या. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ठरवलं की सगळ्याच रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा, ५ लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं. आपल्याकडे पांढऱ्या कार्डाच्या कास्तकाराला हा हक्क त्याच्या आधीपासून होता. आत्महत्याग्रस्त म्हणून जे १४ जिल्हे धरले त्यात वर्धा आहे, आणि तिथला पांढऱ्या कार्डाचा शेतकरी सातबारा दाखवून योजनेत बसत होता. तेव्हा हे फुकटचं नाही. हा हक्क ज्या यादीमुळे मिळाला ती यादी कशाची होती ते विसरू नका.

पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, ऑपरेशन, औषध, जेवण, घरी परतायचं एका वेळचं भाडं आणि सुट्टीनंतर दहा दिवसांची देखभाल, एवढं सगळं येतं. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन भरती करता येतं, कागद मागाहून देता येतात. हे सगळं कागदावर आहे. मग काउंटरवरचा पोरगा मला पैशाच्या खाटेकडे काहून वळवत होता?

उत्तर एका डॉक्टरनं दिलं. तो त्या दवाखान्यातला नाही. तालुक्याच्या गावात छोटं हॉस्पिटल चालवतो, आधी योजनेत होता, मग बाहेर पडला. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यानं मला बसवलं आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही सोयाबीन अडत्याला देता. त्यानं सांगितलं, भाव मी ठरवणार, माल आज घेऊन जाणार, चुकारा आठ महिन्यांनी देणार, आणि तेव्हाही ओलावा, काडीकचरा धरून कापून देणार. तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे जाल?"

मी म्हणलं, साहेब, आमच्याशी तसंच होते, आणि आम्ही तरी जातोच.

तो हसला नाही. म्हणाला, "मी नाही गेलो. मला जाता आलं नाही. इम्प्लांटवाला उधारी थांबवतो, नर्सचा पगार सात तारखेला द्यावाच लागतो."

मग त्यानं पैशाची वाट समजावली. सरकार प्रत्येक कुटुंबामागे विमा कंपनीला हप्ता देतं. गेली काही वर्षं रचना अशी होती की दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि त्याच्या वरचा, पाच लाखांपर्यंतचा, राज्य आरोग्य हमी सोसायटीवर. दवाखाना आधी ऑनलाइन मंजुरी मागतो, फोटो-एक्सरे चढवतो, उपचार करतो, सुट्टी देतो, मग बिल टाकतो. बिल तपासणारी माणसं वेगळी. ती शंका काढतात. उत्तर दिलं की नवी शंका येते. काही बिलं पूर्ण मिळतात, काही कापून, काही नामंजूर. आयुष्मानच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत विमा कंपनीनं राज्यातल्या दवाखान्याचं बिल १५ दिवसांत चुकवावं, उशीर झाला तर आठवड्याला एक टक्का दंड द्यावा, असं आहे. आपल्या पीक विम्यातही उशिराला १२ टक्के व्याज लिहिलेलं आहे. ते व्याज किती जणांच्या खात्यात आलं, कमेंटमध्ये सांगा.

इथे मला थांबावं लागलं. ही वाट मी पाहिलेली होती. हप्ता बहुतेक सरकार भरायचं, कंपनी मध्ये बसायची, पोर्टल बंद पडायचं, ७२ तासांत कळवा म्हणायचं, पंचनामा एकाचा आणि निकाल दुसऱ्याचा. पीक विम्यात ज्याला आपण शिव्या देतो तीच रचना आरोग्य विम्यात आहे. फरक एवढाच की तिथे रांगेत आपण उभे असतो, इथे रांगेत डॉक्टर उभा आहे आणि त्याच्या मागे आपण.

आता दराचं बघू. कृषी शास्त्रज्ञ मंडळी हे पेज वाचतात, त्यांना हे लवकर कळेल. हमीभावावरून आपलं भांडण काय आहे? की खर्च ए२ अधिक घरच्या मजुरीवर धरता, सी२ वर का नाही? जमिनीचा खंड, भांडवलाचं व्याज का सोडता? पण निदान आपल्याकडे कृषी मूल्य आयोग आहे. खर्चाचे आकडे दरवर्षी गोळा होतात, छापले जातात, त्यावर भांडता येतं. उपचाराच्या पॅकेजचं काय? दर वर्षानुवर्षं तेच राहतात, मग एकदम बदलतात. कोणत्या खर्चावर ठरले, जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या ऑपरेशनला खरोखर किती लागतं, हे गावातल्या माणसाला वाचता येईल असं कुठे लटकलेलं नसतं. दर परवडेना आणि चुकारा वेळेवर येईना, की दवाखाना त्याचा हिशोब दोन ठिकाणी करतो. एक, परवडणारं ऑपरेशन योजनेत घेतो आणि न परवडणाऱ्याला "खाट नाही" म्हणतो. दोन, घेतलेल्या रुग्णाकडून "हे योजनेत बसत नाही" म्हणून वरून रोख घेतो. दोन्हीत भरतो कोण? सोयाबीन ओलं विकणारा.

तेव्हा मित्रांनो, डॉक्टरचं बिल थकलं की ते त्याच्याकडे थांबत नाही, खाली आपल्याकडे उतरतं. सरकारनं न दिलेले पैसे मी मार्केटात ओलाव्याच्या कपातीत दिले.

पण मी डॉक्टरला सोडणार नाही. माझा मित्र झालेल्या डॉक्टरलाही हे तोंडावर सांगितलं. बोर्ड लावायचा, योजनेच्या नावानं रुग्ण बोलवायचा आणि दारात कागदावर सही घेऊन त्याला रोखीचा करायचा, ही व्यापारातली अडचण नाही. ही लबाडी आहे. चुकारा मिळत नसेल तर बोर्ड काढा, त्यानं काढला तसा. थकबाकीसाठी सरकारशी भांडायचं असेल तर आम्ही सोबत येऊ, पण स्ट्रेचरवरच्या माणसाला ओलीस ठेवून नाही. आणि खोटी बिलं लावणारेही आहेतच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅगनं आयुष्मानचा अहवाल संसदेत मांडला, त्यात जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेले सापडले. आधी मेलेला दाखवलेला रुग्ण पुन्हा उपचार घेताना दिसला. दहा खोटी बिलं सापडली की तपासणीवाला शंभर खऱ्यांवर शंका काढतो. चोर सुटतो आणि प्रामाणिक छोटा दवाखाना योजना सोडतो. बोगस पीक विम्याचे अर्ज सापडल्यावर आपल्या खऱ्या अर्जांचं काय झालं, आठवा.

आणखी एक गैरसमज. "योजनेचे पैसे डॉक्टर खातो" असं आपण पारावर म्हणतो. मोठ्या दवाखान्यात पैसा संस्थेच्या खात्यात जातो. रात्री दोन वाजता भाऊंचा पाय ओढून धरणारा शिकाऊ डॉक्टर ठरलेल्या मानधनावर असतो, त्याला पॅकेज वाढलं काय आणि थकलं काय, सारखंच. जिनिंगवाल्याला भाव मिळाला म्हणून वेचणीवालीची मजुरी वाढते का? तसंच.

आता राजकारण. योजना जाहीर करायला पैसा लागत नाही, चुकारा द्यायला लागतो. १३५६ उपचारांची यादी २०२५ मध्ये २३९९ वर नेली. चांगलं आहे, मी विरोधात नाही. बातमी झाली, फोटो झाले. पण मागची बिलं पूर्ण चुकवली म्हणून कधी कोणत्या मंत्र्याचा फोटो पाहिला? चुकाऱ्याला फीत कापता येत नाही. यादी जेवढी लांब, तेवढी टाळी मोठी. त्या यादीमागे तेवढी तरतूद आणि ती वेळेत खाली उतरवण्याची व्यवस्था नसेल, तर यादी म्हणजे पैसेवारी जाहीर करून मदत न देण्यासारखं आहे. आणि जो पक्ष आज विरोधात बसून ओरडतो, त्याच्या काळातही बिलं थकत होती. नाव बदललं, सरकारं बदलली, काउंटर तोच.

हे फक्त महाराष्ट्राचं दुखणं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी दवाखान्यांनी थकीत बिलांसाठी आयुष्मानचं काम बंद केलं. तिथेही दोन मोठ्यांच्या भांडणात गरीब रुग्ण परत फिरला. आपणही कांदा, कापूस, दूध घेऊन रस्त्यावर उतरतो, तेव्हा थकलेल्या पैशाचा राग मला समजतो. पण दूध ओतलं तर आपलं ओततो. रुग्ण परत पाठवला तर दुसऱ्याचा जीव ओततो. हा फरक डॉक्टरांच्या संघटनांनी समजून घ्यावा.

मग दुसरं काही शक्य आहे का? आहे, आणि ते शोधायला मुंबई-दिल्लीला जायला नको. १९८० च्या आसपास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानं, आजूबाजूच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीला ज्वारी गोळा व्हायची, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातल्या बहुतेक घरांनी सामील व्हायचं, अशी अट होती. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि सेवाग्रामला सवलतीत उपचार. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ती पोती आठवत असतील. त्या ज्वारीत दवाखान्याचा सगळा खर्च निघत नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण हप्ता कोणी किती दिला हे गावाला माहीत होतं, उपचार कुठे मिळणार हे माहीत होतं, आणि जाब कोणाला विचारायचा तेही. मध्ये कंपनी नव्हती. आज माझा हप्ता सरकार भरते, पण तो किती, कोणाला दिला, माझ्या तालुक्यात त्यातून किती उपचार झाले, हे मला कोणी सांगत नाही. जिथे हिशोब दिसत नाही तिथे जाब विचारता येत नाही.

बाहेरचं उदाहरण हवं तर थायलंडचं घ्या. २००१ मध्ये त्यांनी ३० बाथची योजना आणली. गावाकडच्या सरकारी दवाखान्याला त्याच्या भागातल्या माणसांच्या डोईप्रमाणे पैसा आधीच देऊन टाकला. आजारी पडल्यावर बिल, बिलावर शंका, शंकेवर उत्तर, हा खेळ त्यांनी बराच कमी केला. आपण मात्र पैसा बिलामागे पाठवतो, आणि बिल करणारा मोठा दवाखाना शहरात असतो. म्हणून पैसा गावातून शहरात जातो. समुद्रपूर, कारंजा, आष्टीच्या ग्रामीण रुग्णालयात हाडाचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ कायम असता, तर माझ्या भावाला शंभर कागद घेऊन शहरात जावं लागलं नसतं. विम्याच्या हप्त्याला पैसा आहे आणि भूलतज्ज्ञाच्या पदाला नाही, हे गणित मला पटत नाही.

कोणी म्हणेल, सरकारी दवाखाना म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे, खासगी नसतं तर मेलो असतो. खरं आहे. आज खासगीशिवाय भागत नाही, म्हणूनच त्याचा चुकारा वेळेवर द्या म्हणतो. पण उद्यासाठी आपल्या तालुक्याचं रुग्णालय उभं करा, हेही सोबत म्हणायचं. विहीर खोदेपर्यंत टँकर लागतो. टँकर आला म्हणून विहीर सोडून देत नाहीत.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

१. बिल मंजूर झालं की १५ दिवसांत चुकारा, उशीर झाला तर व्याज आपोआप, मागायला न लावता. उसाला १४ दिवसांत पैसे नाही तर १५ टक्के व्याज असा कायदा आहे. ती व्यवस्थाही सगळीकडे नीट पाळली जात नाही, पण निदान कास्तकाराच्या हातात कायद्याचं कलम आहे. इथे तेही द्या.

२. प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात रोज बोर्डावर लिहा: योजनेच्या खाटा किती, आज रिकाम्या किती. मार्केट यार्डात भाव लिहितात तसं.

३. पॅकेजचे दर खर्चाच्या हिशोबावर, दरवर्षी, सगळ्यांना वाचता येतील असे छापा.

४. "लाभ नाकारतो" हा कागद आरोग्यमित्राच्या समोर आणि त्याच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नका. रोख घेणाऱ्याला योजनेतून काढा आणि रुग्णाचे पैसे परत करा.

५. जिल्ह्यात किती बिलं थकली, कोणाची, किती दिवस, याची यादी दर महिन्याला जाहीर करा. लबाड कोण आणि नाडलेला कोण, ते लोक बघतील.

आणि आपण काय करायचं? दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर १५५३८८ ला फोन लावा, मी लावला नाही ही माझी चूक. आरोग्यमित्र नसेल तर तो नाही हे फोनवर नोंदवा. रिकाम्या टेबलाचा फोटो काढा. कागद वाचल्याशिवाय सही करू नका, घाबरलेल्या पोराला करू देऊ नका. पैसे दिले तर पक्की पावती घ्या. पुढच्या ग्रामसभेत या पाच मागण्यांचा ठराव घ्या. आमच्या गावात घेणार आहोत, तो डॉक्टरही येतो म्हणाला. मी तक्रार टाकली आहे. सही आमची असल्यानं केस कच्ची आहे, असं सगळे सांगतात. बघू.

भाऊ आता वॉकर घेऊन धुऱ्यापर्यंत येतात. काल वेचणीवाल्या बायांना बघत उभे होते. कापूस किती निघाला ते विचारलं नाही, "सोयाबीन कितीनं गेलं?" हे विचारलं. मी बेचाळीसशे सांगितलं. खोटं सांगितलं. त्यांना खरा भाव कळला असता तर पायाचं दुखणं परवडलं असतं म्हणाले असते, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

हरभऱ्यात मर दिसली तर फोटो टाका, पुढच्या नोंदीत त्यावर बोलू.